मंगेशापासून महाकालापर्यंत : सुखटणकर घराण्याची वाट

(उज्जैन येथे देवास गेटच्या परिसरात जमलेल्या महाजन कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)





उज्जैनच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून थोडे चालले की देवास गेट लागते. नावात दरवाजा आहे. परंतु आज हे नाव उच्चारले असता कोणाच्याही डोळ्यांपुढे वेस उभी राहात नाही, बसस्थानक उभे राहते. मोटारींचा गलबला, धर्मशाळा, उपाहारगृहे आणि रिक्षावाल्यांच्या आरोळ्या यांनी हा भाग अहोरात्र गजबजलेला असतो. येथून महाकालेश्वराचे मंदिर दीड-दोन किलोमीटर. गोव्याकडून येणारा यात्रेकरू येथे उतरतो, दर्शन घेतो आणि मंदिराची माहिती ऐकताना त्याच्या कानावर एक वाक्य पडते : सध्याचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारले. यात्रेकरू मान हलवितो आणि पुढे जातो. या ‘शेणवी’ शब्दामागे सुखटणकर हे आडनाव आहे, आणि १७३९ साली पेशव्यांकडून मंगेशी गाव श्रीमंगेशास ज्यांच्या शब्दाखातर मिळाला ते रामचंद्र मल्हार सुखटणकर हेच होत, ही गोष्ट मंगेशीच्या कित्येक महाजनांच्याही ध्यानात नसते. एकाच पुरुषाचे नाव एक हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावरील दोन शिवालयांत घेतले जाते. पण एका ठिकाणी ते एका नावाने आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच नावाने. आजचा विषय या दोन नावांमधली वाट शोधण्याचा आहे.

ही वाट किती मागून धरावयाची, हा पहिला प्रश्न. सारस्वतांची परंपरा ती थेट सरस्वती नदीच्या काठापासून धरते. सह्याद्रिखंडात परशुरामाने त्रिहोत्राहून दहा गोत्रांचे ब्राह्मण गोमंतकात आणून वसविल्याची कथा आहे, आणि कुशस्थळी, केळशी, मठग्राम ही नावे त्या कथेतच येतात. गोव्यात जन्मलेले विद्वान डॉक्टर जोसे जेर्सन द कुन्य यांनी हा ग्रंथ १८७७ साली मुंबईत छापून प्रसिद्ध केल्यापासून त्यावर वादविवाद पुष्कळ झाले. परंपरा म्हणून ती आदरणीय आहे; मंगलकार्यात तिचा उच्चार होतो तो योग्यच होय. परंतु वंशावळ मांडण्यास बसलेल्या माणसाला तिचा उपयोग फारसा नाही. गोत्राने घर सापडत नाही. श्रीमंगेशाचे महाजन वत्स आणि कौंडिण्य या दोन गोत्रांचे. एवढ्यावरून कोण कोणाचा आजा, हे कळावे कसे?

कागदाचा आणि तारखेचा प्रदेश सुरू होतो तो पोर्तुगेजांबरोबर. १५१० मध्ये त्यांनी तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये साष्टी व बारदेश हे प्रांत त्यांच्या हाती गेले. कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी, त्या वेळी साष्टीत मोडत असे. श्रीमंगेशाचे मूळ स्थान तेथे, झुआरीच्या तीरावर होते. १५६० हे वर्ष गोव्याच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात स्थापन झाले, आणि त्याच वर्षी श्रीमंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून हलवून नदीपलीकडे अंत्रुज प्रांतातील प्रियोळ येथे नेण्यात आले. अंत्रुज तेव्हा आदिलशहाच्या अंमलाखाली होता. पोर्तुगेज राजवटीत राहिलेल्या कुळांना आपला देव मुसलमान राजाच्या मुलखात सुरक्षित वाटला, ही गोष्ट आजच्या ढोबळ समजुतीने इतिहास वाचणाऱ्यांनी जरा थांबून पाहावी. सात वर्षांनी, १५६७ मध्ये, राशोलचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने साष्टीतील देवळे पाडण्याचा सपाटा लावला. तेव्हा त्या वेळी हलविण्याचा निर्णय घेणाऱ्यांचे अनुमान किती अचूक होते ते सिद्ध झाले.

देव नदी ओलांडून एकाच गावी गेला, पण भक्त दाही दिशांना गेले. कोणी देवामागून अंत्रुजात आले. कोणी समुद्रमार्गे दक्षिणेस कानड्यात आणि तेथून कोचीपर्यंत पोहोचले. कोचीच्या या मंडळींची प्रतिष्ठा अशी की डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवरील आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट यांची १६७५ ची साक्ष त्यात नागरी लिपीत छापली गेली. आणि काही कुळे उत्तरेस, कुडाळ-वेंगुर्ल्याकडे, पुढे सावंतांच्या राज्यात मोडणाऱ्या मुलखात स्थिरावली. वेंगुर्ल्यानजीकचे आरवली हे त्यांपैकी एक गाव. वेतोबाच्या देवस्थानामुळे आणि अलीकडे जयवंत दळवींच्या लेखणीमुळे ते मराठी वाचकांना परिचित आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी या गावचे कुळकर्ण सांभाळणारा रामचंद्र मल्हार हा या घराण्याचा मालव्यातील मूळ पुरुष.

कुळकर्ण म्हणजे काय, हे नव्या पिढीस सांगितले पाहिजे. गावचा वसूल लिहिणारा, कोणाची जमीन किती, कोणाचे देणे किती, याचे दप्तर ठेवणारा वतनदार म्हणजे कुळकर्णी. वतन लहान, मान बेताचा, भाऊबंदांची वाटणी झाली की पोटापुरतेही उरत नसे. परंतु हातात एक विद्या राहात असे : मोडी अक्षर आणि हिशेब. कोकणातून घाटावर गेलेल्या बहुतेक शेणवी पुरुषांजवळ तलवारीआधी ही विद्या होती. रामचंद्र मल्हार साताऱ्यास आले. कचेश्वरबाबा अतीतकर यांच्या आश्रयाने त्यांना कारकुनी मिळाली, आणि तेथून त्यांची हुशारी बाजीराव पेशव्यांच्या नजरेस आली. कारकुनाच्या अक्षरावरून माणूस ओळखणारे धनी त्या काळी होते, हे आज पुष्कळांना खरे वाटणार नाही.

त्या सुमारास मालव्यात काय चालले होते, ते थोडक्यात पाहू. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांचा सुभेदार गिरिधरबहादूर आणि त्याचा सहकारी दयाबहादूर यांचा पराभव केला. दोघेही कामास आले. पुढच्या दोन-तीन वर्षांत मालव्याचा वसूल शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात वाटला गेला. ज्या देवासच्या नावाने हा परिसर ओळखला जातो ते देवास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंकडे, आणि उज्जैन राणोजी शिंद्यांकडे. राणोजी शूर, इमानी, धन्याचा भरवशाचा माणूस. परंतु शेकडो परगण्यांचा वसूल, मोकास्याच्या वाटण्या, फौजेचा खर्च, पुण्यास पाठवावयाची रक्कम, हे सारे घोड्यावर बसून होण्यासारखे नव्हते. पेशव्यांनी त्यांच्यासोबत दिवाण म्हणून दिला तो हा आरवलीचा कुळकर्णी. मालव्यात मराठ्यांचे राज्य तलवारीने आले असे म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण ते टिकले वह्यांवर.

आता महाकालाकडे वळू. १२३५ च्या सुमारास सुलतान इल्तुत्मिशने उज्जैनवर स्वारी करून महाकालाचे देवालय उद्ध्वस्त केले. त्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षे बारा ज्योतिर्लिंगांपैकी या स्थानाला त्याच्या थोरवीस साजेसे मंदिर नव्हते. राणोजींच्या कारकिर्दीत, रामचंद्रबाबांच्या हातून ते उभे राहिले. गाभारा भुईच्या पातळीखाली, लिंग दक्षिणाभिमुख, वरच्या मजल्यावर ओंकारेश्वर, त्याहून वर नागचंद्रेश्वर, ज्याचे दार केवळ नागपंचमीस उघडते, आणि शेजारी कोटितीर्थाचे कुंड, असा हा विस्तार आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’ या नव्या परिसराचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून गर्दी इतकी वाढली की पूर्वी उज्जैन पाहिलेला माणूस आज वाट चुकतो. मात्र शिखर तेच आहे.

या बांधकामाविषयी उज्जैनात एक कथा सांगतात. रामचंद्रबाबांना संतती नव्हती. संपत्ती अपार. दत्तक घ्यावा की काय करावे, असा विचार चालू असता विद्वानांनी सल्ला दिला की पुत्राने नाव राहते ते दोन-तीन पिढ्या. महाकालाच्या मंदिराने राहील ते शतकानुशतके. आणि त्यांनी द्रव्य मंदिराकडे वळविले. कथा सुंदर आहे, कीर्तनात रंगते. परंतु कागद काही वेगळे सांगतो. १७५७-५८ मध्ये मोमीनखानाकडून अहमदाबाद परत घेण्यासाठी पेशव्यांच्या वतीने दमाजी गायकवाडांसह जो सरदार वेढ्यावर होता, त्याचे नाव सदाशिव रामचंद्र. आणि तो रामचंद्रबाबा शेणव्यांचा पुत्र म्हणून इतिहासात नोंदलेला आहे. फेब्रुवारी १७५८ मध्ये अहमदाबाद हाती आल्यावर तेथील पेशव्यांचा कारभारही त्याने पाहिला. औरस असो की दत्तक, पुत्र होता आणि तो कर्तबगार होता. तेव्हा ‘मंदिर की पुत्र’ ही कथेतील निवड तशीच्या तशी स्वीकारता येत नाही. घराण्याचा शोध घेणाऱ्याने येथे एक पथ्य पाळले पाहिजे : कथा टाकून देऊ नये, पण तिच्यावरून वंशवृक्षाची फांदी छाटूही नये. या एका गोड कथेपायी रामचंद्रबाबांचा वंश त्यांच्यापाशीच संपला, असे कित्येक महाजन आजवर मानीत आले आहेत.

या हकीकतीतील सर्वांत महत्त्वाचे वर्ष १७३९. ते नीट पाहिले पाहिजे, कारण उज्जैन आणि मंगेशी यांची गाठ त्याच वर्षी पडते. उत्तरेकडे चिमाजी अप्पांचा वसईला वेढा पडला होता. मे महिन्यात वसई पडली. त्याआधीच, जानेवारीत, व्यंकटराव घोरपडे यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज गोव्यातील साष्टीत शिरली, मडगाव घेतले आणि राशोलच्या किल्ल्यास वेढा घातला. पोर्तुगेजांची सारी शक्ती एकीकडे वसईत आणि दुसरीकडे घराच्या उंबरठ्यावर गुंतून पडली. या धामधुमीच्या वर्षातच रामचंद्रबाबांच्या सूचनेवरून पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेशास दिला. ज्या साष्टीतून देवाला १७९ वर्षांपूर्वी निघावे लागले, त्याच साष्टीत पेशव्यांची फौज उभी असताना ही देणगी झाली, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. मालव्यात परगण्यांच्या वाटण्या करणाऱ्या दिवाणाला कोणती सनद कोणत्या वेळी मागावी, याचे ज्ञान चांगलेच असले पाहिजे.

आणि हे एकट्या मंगेशीपुरते नव्हते. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेचे सध्याचे देवालय १७३८ च्या सुमारास उभे राहिले ते शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नाने. नारो राम हे रेगे, वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे. आणि कवळे गाव देवीस मिळाला तोही १७३९ मध्ये, शाहू महाराजांकडून, नारो राम यांच्याच खटपटीने. म्हणजे वेंगुर्ल्याच्या आसपासच्या दोन गावांतले दोन शेणवी पुरुष, एक छत्रपतींच्या मंत्रिपदावर आणि दुसरा पेशव्यांच्या सरदाराचा दिवाण. दोघांची कुलदैवते पोर्तुगेज मुलखातून विस्थापित. आणि दोघांनी एकाच वर्षी आपापल्या देवाच्या नावे गाव करून घेतला. त्यांच्यात काही बोलणे झाले असेल काय? साताऱ्याच्या दरबारात दोघांचा वावर होता. रसिकांनी कल्पना करावी. येथे तारखा सांगून थांबणे बरे.

गाव देण्याचा अर्थही समजून घ्यावा. दागिना दिला तर तो चोरीस जातो, रोकड दिली तर उत्सवात संपते. गाव दिला म्हणजे त्याचे उत्पन्न वर्षानुवर्षे नैवेद्याला, नंदादीपाला, वाजंत्र्यांना, भाविणी-देवळ्यांना, पालखीच्या भोयांना मिळत राहते. देवालयाभोवती सेवेकऱ्यांची वस्ती टिकते. कुळकर्ण्याच्या पोटी जन्मलेल्या माणसालाच हे सुचावे.

रामचंद्रबाबांचे पुढील आयुष्य सुखाचे गेले नाही. १७४५ मध्ये राणोजी वारले. त्यांचे पुत्र जयाप्पा गादीवर आले आणि दिवाणाशी त्यांचे पटले नाही. त्यामागे मल्हारराव होळकरांची चिथावणी होती, असे इतिहासकार सांगतात. दिवाणगिरी गेली. बाबा पुण्यास आले आणि चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ यांचे कारभारी झाले. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले, आणि पुढील वर्षी सांगोल्यास रामराजाकडून जो करार झाला, ज्यामुळे राज्यकारभाराची सूत्रे साताऱ्याहून पुण्यास आली, त्यामागे भाऊंच्या बरोबरीने रामचंद्रबाबांचे डोके होते. मराठी राज्याच्या घटनेत याहून मोठा फेरबदल दुसरा झाला नाही. तो चांगला झाला की वाईट, यावर मतभेद राहणारच. सातारकरांच्या दृष्टीने बाबा हे धन्याची सत्ता काढून घेण्याची युक्ती सांगणारे. पुणेकरांच्या दृष्टीने मुत्सद्दी. स्मरणिकेत पूर्वजांची केवळ स्तुती छापण्याची रीत असली तरी ही दुसरी बाजू लपविण्याचे कारण नाही. १७५४ मध्ये त्यांचा अंत झाला.

आता मंगेशीकडे काय झाले ते पाहा. सनद मिळाल्यास पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तोच १७६३ मध्ये हैदरअलीने सोंध्याचे राज्य ग्रासले, तेथील राजा गोव्यास आश्रयाला आला आणि फोंडा प्रांत पोर्तुगेजांच्या ताब्यात गेला. ज्यांच्यापासून देव नदी ओलांडून पळाला, त्यांच्याच अंमलाखाली तो पुन्हा आला. मात्र काळ पालटला होता. नव्या काबिजादीतील लोकांच्या धर्माचाराला हात लावणार नाही, असे वचन पोर्तुगेजांनी दिले आणि एकंदरीत ते पाळले. १५६० आणि १७६३ या दोन वर्षांमध्ये पोर्तुगेज सत्तेचा स्वभाव किती बदलला, हे अभ्यासण्यास मंगेशीइतके सोयीचे उदाहरण नाही. पुढे तर त्याच सरकारने देवालयांच्या कारभाराचे कायदे केले : प्रथम १८८६ मध्ये आणि मग १९३३ मध्ये, जो देवस्थान कायदा गोवा मुक्त झाल्यावरही चालू राहिला. महाजनांची यादी, सभा, नियमपत्र (जुने महाजन त्याला ‘कोंप्रोमिस’ म्हणत), हिशेबाची तपासणी, हे सारे त्या कायद्याने घालून दिलेले.

या यादीतच आजच्या विषयाची खरी अडचण दडलेली आहे. सुखटणकर एकटेच मालव्यात गेले नाहीत. शिंद्यांच्या पदरी शेणवी मंडळींची एक मोठी फळी निर्माण झाली. जिवबादादा केरकर हे बक्षी झाले आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे आधिपत्य त्यांच्याकडे होते. लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस ही नावे प्रसिद्ध आहेत. कोट्यास शिंद्यांचा कारभार पाहणारे गुळगुळे याच समाजाचे. त्यांच्या दप्तरातील कागद आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ या नावाने प्रसिद्ध केले. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तेव्हा यांपैकी पुष्कळ घरे तिकडे गेली, काही उज्जैनातच राहिली, काही इंदूर-देवासकडे पसरली. दोन-तीन पिढ्यांत घरात माळवी बोलू लागली, लग्ने तिकडेच जमू लागली, आणि मंगेशीच्या माघी पौर्णिमेच्या जत्रेस येणे सात-आठशे मैलांच्या प्रवासामुळे सुटले. मंगेश म्हणजे आजीच्या तोंडचे एक नाव, एवढेच उरले. १९३३ च्या कायद्याप्रमाणे महाजनांच्या याद्या झाल्या, तेव्हा पणजी-फोंड्यात असलेल्यांची नावे चढली. मालव्यात असलेल्यांना ही बातमी तरी कशी पोहोचावी? परिणाम असा की ज्यांच्या पूर्वजांबरोबरच्या मंडळींनी देवाला गाव मिळवून दिला, त्यांचे वंशज देवालयात आले असता पाहुणे ठरतात, आणि सभेत त्यांना मत नाही.

यावर काही महाजन म्हणतात की जो जत्रेला येत नाही, वर्गणी देत नाही, संकटसमयी धावून येत नाही, त्याला मत कशाला? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. देवालय चालविले ते जवळ राहणाऱ्यांनी. परंतु महाजनकी ही वर्गणीने विकत मिळणारी वस्तू नसून जन्माने येणारा अधिकार आणि जबाबदारी आहे, असे एकदा मानले की दूर गेलेल्याचा वाटा अंतराने कमी होत नाही. तसे नसते तर आरवलीत वाढलेल्या, साताऱ्यास उमेदवारी केलेल्या आणि उज्जैनात दिवाण झालेल्या माणसाने प्रियोळच्या देवासाठी गाव मागण्याचे प्रयोजन काय होते? तोही त्या वेळी दूरचाच होता. येथे आणखी एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे. बहुतेक देवालयांत ही नोंद पुरुषवंशाने चालते. म्हणून मुलीच वारस राहिलेली कित्येक घरे यादीतून नाहीशी झाली. त्या घरांचा शोध तर कोणी घेतलाच नाही.

ज्यांना आपली वाट शोधावयाची आहे त्यांनी पहिली सावधगिरी आडनावाबाबत बाळगावी. एकच माणूस गोव्याच्या पोर्तुगेज कागदांत ‘सिनाय’ म्हणून येतो, कारण ‘शेणवी’ शब्दाचे त्या भाषेत तसे रूप झाले. सावंतवाडीच्या कागदांत तो गावच्या वतनावरून ओळखला जातो, पेशवे दप्तरात ‘बाबा’, ‘तात्या’, ‘दादा’ अशा घरगुती नावाने, आणि उज्जैनच्या हिंदी लेखनात नुसता ‘शेणवी’. सुखटणकर हेच आडनाव पाहा : कोणी सुखटणकर लिहितो, कोणी सुखठणकर, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक, केंब्रिजला गणित शिकून बर्लिनला संस्कृतात डॉक्टरेट मिळविलेले विष्णु सीताराम (१८८७-१९४३) यांचे नाव सुकथनकर असे छापलेले आढळते. ज्या समाजातील माणूस दोन शतकांपूर्वी मोडी अक्षराच्या बळावर मालव्यात गेला, त्याच समाजातील माणूस देवनागरी हस्तलिखितांच्या बळावर जर्मनीपर्यंत गेला, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु आडनाव एक म्हणजे घर एक, असे धरून विष्णु सीतारामांना रामचंद्रबाबांच्या वंशवृक्षावर बसविण्याचा मोह टाळावा. दोघांमध्ये बापलेकांची साखळी कागदाने जुळवावी लागते. अभिमानाने ती जुळत नाही.

दुसरी गोष्ट दप्तरांची. ही वाट तीन राज्यांतून गेली आणि प्रत्येक राज्याने आपापल्या लिपीत ती लिहून ठेवली. गोव्यातील गावकऱ्यांचे सर्वांत जुने कागद गोंयकानडी, म्हणजेच कांदवी लिपीत. ती वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नंतरचे पोर्तुगेज भाषेत, पणजीच्या पुराभिलेखागारात, ज्याची स्थापना १५९५ ची आहे आणि जेथे पांडुरंग पिसुर्लेकरांनी जन्म घालविला. पिसुर्लेकरांनी पोर्तुगेजांच्या नोकरीतील हिंदू वकिलांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो वाचला तर ध्यानात येते की ज्या काळी एक शेणवी पेशव्यांकडून गोव्याच्या देवासाठी सनद मागत होता, त्याच काळी दुसरे शेणवी पोर्तुगेजांच्या वतीने मराठ्यांशी बोलणी करीत होते. घर एक, धनी दोन. मराठी बाजूचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीत आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, म्हणून ज्याला मोडी येत नाही त्यालाही आरंभ करता येतो. शिंद्यांच्या बाजूस गुळगुळे दप्तराचा उल्लेख वर आलाच आहे.

घरातल्या कागदांकडेही लक्ष द्यावे. मालव्यातील जुन्या मराठी घरांत लोखंडी पेटीच्या तळाशी मोडी कागदांची रुमाले असतात. वाचता येत नाहीत म्हणून ती नदीत सोडली जातात किंवा रद्दीत जातात. ते कागद बहुधा कर्जाचे, शेतसाऱ्याचे किंवा घरवाटणीचे असतात. कोणाला त्यांत काही पराक्रम सापडणार नाही. पण वाटणीपत्रात भावांची नावे क्रमाने लिहिलेली असतात, बापाचे नाव असते, आणि पुष्कळदा मूळ गाव असते. वंशावळीला याहून अधिक काय हवे?

आणि शेवटची जागा देवास गेटहून फार दूर नाही. क्षिप्रेच्या रामघाटावर आणि सिद्धवटाजवळ तीर्थोपाध्यायांच्या लांब, अरुंद वह्या आहेत. श्राद्धासाठी किंवा अस्थिविसर्जनासाठी आलेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद त्यांत होते : आलेल्याचे नाव, बापाचे, आज्याचे, बरोबर कोण होते, मिती कोणती. या वह्यांत आडनावापेक्षा गावावरून शोध लवकर लागतो, कारण उपाध्यायांनी आपापसांत यजमान वाटून घेतले ते प्रांताप्रांताने आणि गावागावाने. म्हणून विचारणाऱ्याने ‘सुखटणकर’ किंवा ‘शेणवी’ एवढेच सांगून थांबू नये. मंगेशी, प्रियोळ, आरवली, वेंगुर्ले, वाडी ही सारी नावे घेऊन पाहावीत, आणि एका उपाध्यायाकडे नाही मिळाले तर त्याच्याच शेजारच्या गादीवर विचारावे. ज्या नोंदीत गावाच्या रकान्यात प्रथमच ‘उज्जैन’ लिहिलेले सापडेल, तिच्या लगेच वरची नोंद काळजीपूर्वक उतरून घ्यावी.